शून्यावर दोन खाचा

माझ्या नवऱ्याला कारखान्यात सगळे मायक्रॉन म्हणायचे. एका केसाच्या जाडीत कितीतरी मायक्रॉन मावतात, आणि त्यातल्या दोन-चारांचाही फरक यांना खपायचा नाही, म्हणून ते नाव. कारखान्यात ठीक आहे हो. पण हा माणूस घरी पलंगावर चादर घातली तरी ती दोन्ही बाजूंनी सारखी लोंबते का, ते वाकून बघायचा. लग्न झालं त्याच आठवड्यात मी सांगून टाकलं होतं, की तुमची मापं फाटकाबाहेर ठेवून घरात येत चला. ऐकतील तर शपथ.

मी शिलाई मशीन दुरुस्त करते. हे काम मी वडिलांकडून शिकले आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे. पूर्वी नवी गिऱ्हाइकं दारातून आत डोकावून विचारायची, "दुरुस्त करणारे कुठे आहेत?" मी म्हणायची, "तुमच्यासमोर उभे आहेत, आणि त्यांचा वेळ चाललाय." आता कोणी विचारत नाही. माझ्या जिभेची कीर्ती हातांच्या आधी पोचलेली असते.

शिलाई मशीनच्या पोटात एक दांडा फिरतो. तो ज्या छोट्या पितळी नळीत फिरतो तिला बुश म्हणतात. बुश झिजला की मशीन खडखडतं, टाके सुटतात, आणि शिवणाऱ्या बाईला वाटतं आपलाच हात बिघडला. जुन्या मशिनींचे बुश बाजारात मिळत नाहीत, ते लेथवर कातून घ्यावे लागतात. आमचे हे लेथवरच होते, आयुष्यभर. धातूचा तुकडा चकमध्ये, म्हणजे मशीनच्या जबड्यात, आवळून धरायचा, गरगर फिरवायचा आणि धारदार टूलने हवा तसा कातायचा, हे यांचं काम. साहेबांची परवानगी काढून जेवणाच्या सुट्टीत हे माझे बुश कातायचे आणि संध्याकाळी रिकाम्या डब्यातून, फडक्यात गुंडाळून, घरी आणायचे. काही नवरे फुलं आणतात. मला बुश यायचे, आणि मला तेच जास्त आवडायचे.

कौतुकाच्या बाबतीत मात्र हे पक्के कंजूष. एखादं काम अगदी बिनचूक झालं की म्हणणार, "चालेल." त्याच्या वरची पायरीच नाही. ही मुलगी तुला पसंत आहे का, असं यांच्या आईने विचारलं तेव्हाही हे "चालेल" म्हणाले होते, आणि सासूबाईंनी ते मला वर्षानुवर्षं हसून ऐकवलं. "छान" हा शब्द हे फक्त खोटं बोलताना वापरतात. माझ्या बहिणीच्या गाण्याला हे "छान" म्हणाले होते.

मग यांची नजर गेली. सगळी नाही, फक्त मधली. आजारच तसा, डॉक्टर म्हणाले. कडेचं दिसतं, बरोबर समोरचं पुसलं जातं. यांना दार दिसतं पण कुलूप दिसत नाही. माणूस आला हे कळतं, चेहरा कळत नाही. माझ्याकडे बघायचं असलं की हे माझ्या कानाच्याही पलीकडे कुठेतरी बघतात, तेव्हा कुठे मी कडेला जराशी दिसते. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. मी इथे बोलतेय आणि हे तिकडे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून! एकदा चिडून म्हटलं, "सरळ माझ्याकडे बघा की."

"सरळ बघितलं की तू जातेस," हे म्हणाले.

त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तरीही हे कामावर जात राहिले. किती दिसतं आणि किती नाही, ते कोणालाच कळू दिलं नाही, मलासुद्धा पुरतं नाही. आणि मग एक दिवस भर दुपारी घरी आले. चकमधला तुकडा सुटून उडाला होता आणि समोरच्या मशीनवरच्या जोडीदाराच्या कानाजवळून गेला होता. लागलं कोणालाच नाही. यांनी मशीन बंद केलं, पुसलं, तेल दिलं, एप्रन खुंटीला अडकवला आणि साहेबांना सांगून आले की उद्यापासून मी येणार नाही. हत्यारांची पेटीसुद्धा तिथेच सोडली. मशीनला पुन्हा हात लावायचा नाही, असा कानाला खडा लावला आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले.

बसलेला नवरा मी तोवर पाहिलाच नव्हता. घरात असले की सतत काहीतरी खुडबुड चालायची. दाराची बिजागरी, नळाचं चाक, माझ्याच चपलेचा खिळा. आता चादर वाकडीतिकडी घातली तरी एक अक्षर नाही. मी मुद्दाम घालून बघितली. काही नाही. मी रडूबाई नाही, पण त्या दिवशी चादर नीट करताना मला रडू आलं.

माझ्या कामाचीही पंचाईत झाली. बाहेरून बुश कातून आणले ते दांड्यावर डुगडुगायला लागले. यांच्या हातात दिले तर यांनी बोटांत फिरवून बघितले आणि म्हणाले, "छान." मी सगळेच्या सगळे परत केले.

मग मीच म्हटलं, "आपण एक लहान लेथ घेऊ या. घरीच ठेवू, पुढच्या खोलीत."

"चालवणार कोण?"

"मी."

"घे. मी शिकवीन. तोंडाने."

इतक्या पटकन तयार झाले की मला संशयच आला. माझ्या लक्षात आलं, यांना मला शिकवायचं आहे ते मला यांच्यावाचून काम करता यावं म्हणून. आणि मला लेथ हवं होतं ते हा माणूस खुर्चीतून उठावा म्हणून. बुश काय, कुठूनही मिळाले असते. मला माझा मायक्रॉन परत हवा होता. पण असं काही बोलले असते तर हे त्या खुर्चीत आणखी खोल रुतले असते, म्हणून मी तोंड शिवून घेतलं. मला जाणणाऱ्यांना कळेल, की हे सोपं नव्हतं.

जुन्या-नव्या मशिनींच्या गोदामात आम्ही दोघं चालत गेलो. वाटेत यांचा पाठ सुरू झाला. कित्येक महिन्यांनी इतकं बोलत होते, म्हणून मी माझं बोलणं गिळून ऐकत होते.

"पहिलं लेथ घेताना दिसण्यावर जाऊ नकोस. रंगाने धातू कातला जात नाही. वजन बघ. हलकं मशीन थरथरतं, आणि मशीन थरथरलं की कामावर लाटा उमटतात. मग बेड बघ. ज्या लोखंडी पट्ट्यांवर सगळं सरकतं तो बेड. चकच्या जवळ तो सगळ्यात जास्त झिजतो, कारण सगळं काम तिथेच होतं. मग हँडल मागेपुढे करून बघ, किती पोकळ फिरतं ते. आणि चकमध्ये सळई धरून वरखाली दाब. खडखडली तर तिथूनच परत फीर."

"आणि?"

"आणि केस बांधायचे. अंगठी काढायची. अंगावर लोंबतं काही ठेवायचं नाही."

गोदामवाला जाडजूड, गोड बोलणारा गृहस्थ होता. चहाचा कप त्याच्या हातात आपोआप उगवत असावा, कारण मी तो कधी रिकामा पाहिला नाही. त्याने आम्हाला दोन लेथ दाखवली. एक नवं कोरं, निळं, चकचकीत. त्याला छोटा पडदा होता. हँडल फिरवलं की किती कातलं ते पडद्यावर लाल आकड्यांत दिसायचं. दुसरं कोपऱ्यात ताडपत्रीखाली. घड्याळाचे सुटे भाग बनवणाऱ्या, बंद पडलेल्या एका कारखान्यातलं. रंग पार उडालेला, पण बसकं, दणकट. त्याला पडदाबिडदा काही नाही. हँडलामागे लोखंडी डायल, म्हणजे रेघारेघांची गोल कडी, आणि रेघा अशा खोल कोरलेल्या की नख अडकावं.

हे आधी निळ्याकडे गेले. बोटं फिरवली, हँडल हलवलं, सळई दाबली. सळई खडखडली. मला ऐकू आली, म्हणजे यांना तर ढोल वाजल्यासारखी ऐकू आली असणार. हे माझ्या कानापलीकडे बघत म्हणाले, "छान आहे."

मी निळं मनातून बाद केलं.

मग जुन्याकडे गेले. चकपाशी बेडवर बोटं टेकवली आणि सावकाश शेवटापर्यंत नेली. परत आणली. हँडल हलवलं, जेमतेम हललं. सळई दाबली, आवाज नाही. मग यांचा अंगठा डायलवर गेला आणि एकेका रेघेवरून फिरला, आणि यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं जे हे भर दुपारी घरी आले त्या दिवसापासून मी पाहिलं नव्हतं.

"आणि हे कसं आहे?" मी विचारलं.

"हे? हे भंगार," असं म्हणाले. हात मात्र त्याच्यावरून उचलला नव्हता.

"मला हेच हवं."

"तुला काय कळतं? निळं घे. आकडे समोर दिसतात. तुला सोपं जाईल."

"मगाशी रस्त्यात काय सांगत होतात? रंगाने धातू कातला जात नाही, हे कोण म्हणालं? मी?"

गोदामवाल्याने चहाचा घोट घेतला. "ताई, इतकी वर्षं झाली मला या धंद्यात. नवरा जुनं लोखंड मागतो आणि बायको चकचकीत. तुमचं काहीतरी उलटं झालंय."

"तुम्ही मध्ये पडू नका," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मग माझा तोल सुटला. "त्या पडद्यावरचे आकडे तुम्हाला दिसणार आहेत का?"

"मला कशाला दिसायला हवेत? मशीन तुझं आहे."

"मला एकटीला नकोय मशीन! तुम्ही त्या खुर्चीत बसून मला 'छान, छान' म्हणणार आणि मी इथे कातत बसणार? मला तुम्ही हवे आहात मशीनवर. रेघा बोटाला लागतात त्याच्या. लागतात ना? मी बघितलं तुमच्या तोंडाकडे!"

गोदामवाला कप घेऊन हळूच बाहेर सटकला. यांनी डायलवरचा हात काढला, खिशात घातला आणि चालायला लागले. लेथ न घेताच आम्ही निघालो.

अर्धा रस्ता मागे पडला. मग एका बंद दुकानाच्या पायरीशी हे थांबले.

"तो तुकडा त्याच्या कानाजवळून गेला," हे म्हणाले. "वीतभर इकडून गेला असता तर? तिथे समोर तो होता. घरी समोर कोण असणार? तूच ना? मला चक दिसत नाही, अगं. आवळलेला दिसत नाही, सुटलेला दिसत नाही. आणि तू समोर आलीस तर तूही दिसत नाहीस. मी नाही लावणार हात."

मी यांचा हात धरला आणि आम्ही घरी आलो.

पुढचे काही दिवस हे खुर्चीत आणि मी मशिनींच्या पोटात. शेवटी काहीतरी करायचं म्हणून मी कारखान्यात यांची पेटी आणायला गेले. फाटकावर यांचा जोडीदार घ्यायला आला. त्याला सगळे हसऱ्या म्हणतात, कारण त्याला हसताना कोणी पाहिलेलं नाही. तुकडा गेला होता तो त्याच्याच कानाजवळून.

"वहिनी, मायक्रॉनचं मशीन आता माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "एक गंमत दाखवतो, या."

यांचं लेथ मी पहिल्यांदाच पाहत होते. हसऱ्याने माझं बोट धरून डायलच्या कडेवर ठेवलं. "फिरवा." मी फिरवलं. बोटाला बारीकशी खाच लागली. थोड्या रेघा गेल्या की आणखी एक.

"दर दहाव्या रेघेला एक," हसऱ्या म्हणाला. "शून्यावर दोन. कानशीने पाडल्यात. आम्हाला तो गेल्यावर कळलं. आत तेल मुरून काळ्या पडल्यात बघा, म्हणजे कालपरवाच्या नाहीत. निदान चार-पाच वर्षं तो बोटानेच काम करत होता. आणि एकही काम परत आलं नाही त्याचं."

मी डायलवरून बोट काढू शकले नाही. चार-पाच वर्षं. म्हणजे डब्यातून आलेले ते सगळे बुश! किती जणींच्या मशिनीत बसवले मी ते. दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरायचा आणि मी मनात म्हणायची, कामापुरती तरी आहे बाई अजून आमच्या यांची नजर. नजर नव्हतीच. हा माणूस अंधारात चाचपडत माझ्यासाठी ते करत होता आणि घरी येऊन म्हणत होता, 'बघ, चालेल का.'

"पण त्या दिवशी तुकडा उडाला," मी म्हटलं.

"तुकडे उडतात हो वहिनी. माझ्याकडून दोनदा उडालेत. आणि माझे डोळे धडधाकट आहेत." हसऱ्याने पेटी उचलून माझ्या हातात दिली. "त्या खाचा मी काढल्या नाहीत. आता माझंही बोटच आधी जातं."

मी पेटी घेऊन तशीच गोदामात गेले आणि जुनं लेथ घेतलं. गोदामवाल्याने विचारलं, "साहेबांना विचारलंत?" मी म्हटलं, "साहेबांनी ते पहिल्याच दिवशी पसंत केलं होतं. तुम्हाला कळलं नाही, एवढंच."

लेथ घरी आलं तेव्हा हे गॅलरीतून उठले नाहीत. तोंड फुगवून बसले. पण हमाल मशीन टेबलावर ठेवून गेले आणि मी त्याचे पाय आवळायला लागले तेव्हा बाहेरून आवाज आला, "पातळी बघितलीस का?"

"दिसतंय की सरळ."

"दिसण्यावर जाऊ नकोस म्हटलं ना!" हे दारात आले. "पाणसळ ठेव बेडवर. बुडबुडा कुठे आहे? डावीकडे? मग उजव्या पायाखाली पत्र्याचा तुकडा घाल. अजून एक. आता नको, काढ. अर्धाच घाल." अर्धा पत्रा कसा घालायचा असतो, हे देवाला ठाऊक आणि मायक्रॉनला ठाऊक. पण घातला मी. यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

मग माझं शिक्षण सुरू झालं. पेन्शनीच्या वयात मी शाळेत बसले. हे माझ्यामागे दोन पावलांवर उभे राहून आवाजावरून सांगायचे: टूल जोरात घुसतंय, टूल बोथट झालंय, तू घाबरलीस, हँडल सोडू नकोस. मी बुश कातला की दांड्यावर घालायची आणि तो डुगडुगायचा, नाहीतर जायचाच नाही. हे बोटांत फिरवून म्हणायचे, "छान."

"मला छान नको," मी ओरडायची. "मला चालेल हवंय!"

"येईल हळूहळू."

एक गोष्ट मात्र यांच्याने राहवेना. संध्याकाळी काम संपलं की हे येऊन मशीन पुसायचे. बेडवरचा चुरा झाडायचा, फडक्याने एकेक कोपरा पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा. मी काही बोलायच्या आत पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पुसणं म्हणजे चालवणं नव्हे." मी म्हटलं, "मी कुठे काय म्हटलं?"

त्यावरूनच मला सुचलं. एका दुपारी हे आडवे झाले होते तेव्हा यांच्या पेटीतून तिकोनी कानस काढली आणि आमच्या लेथच्या डायलवर खाचा पाडल्या. दर दहाव्या रेघेला एक, शून्यावर दोन. कानस मी जन्मात हाताळली नव्हती. घाम फुटला, पण झालं. मग चुरा फुंकून टाकला आणि शिलाई मशीनमध्ये डोकं घालून संध्याकाळची वाट बघत बसले.

हे आले. बेड झाडला. चक पुसला. फडकं हँडलाशी आलं, डायलवर आलं, आणि थांबलं. यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि उघड्या बोटाने डायल फिरवली. सगळी, सावकाश.

"कारखान्यात गेली होतीस," हे म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"पेटी आणायला."

"हसऱ्याने दाखवलं."

"हो."

यांचं बोट डायलवरून फिरत राहिलं. आता हे काहीतरी हळवं बोलणार, मी रडणार, अशी मी तयारी करून बसले होते.

"ही तिसाची खाच कोणी पाडली?"

"मीच. का?"

"ही तिसावर नाहीये. तीस आणि एकतीसच्या मध्ये आहे." आवाज चढायला लागला. "आणि ही पन्नासाची! ही खाच आहे की उंदराने कुरतडलंय? कानस तिरकी धरलीस. शून्यावरच्या दोन एकमेकींना चिकटल्यात, बोटाला एकच लागते. अशा डायलवर कोणी काम केलं तर काय होईल कळतंय का तुला?"

"कोण करणार आहे? मला रेघा दिसतात."

"कानस दे इकडे!"

खरं सांगते, मी मुद्दाम चुकले नव्हते. मला वाटलं होतं, किती सुबक झाल्यात! पण चुकीच्या खाचांची डायल घरात ठेवून या माणसाला जेवण गेलं नसतं. कडेकडेने दिसणाऱ्या सगळ्या दुनियेपेक्षा ती एक वाकडी खाच यांना जास्त टोचत होती. यांनी डायल सोडवून काढली, उलटी केली, आणि दुसऱ्या कडेवर नखाने रेघ शोधून नव्याने खाचा पाडल्या. पुटपुटत, मला नावं ठेवत, प्रत्येक खाच जिभेवर घोळवावी तशी बोटावर घोळवत. मी समोर बसून शिव्या खात होते आणि इतकी सुखात होते की बोलायची सोय नाही.

डायल परत बसवून झाली. यांनी ती बोटाखालून एकदा पूर्ण फिरवून बघितली.

"कातल्याशिवाय कसं कळणार, बरोबर आहेत की नाही ते," हे म्हणाले. माझ्याशी नाही, डायलशी.

मी गपचूप पितळेचा तुकडा काढून दिला.

"तू चकमध्ये घाल आणि आवळ," हे म्हणाले. मी आवळला. मग यांनी स्वतः चावी लावून पुन्हा आवळला, दोन्ही हातांनी तुकडा धरून हिसके देऊन बघितला, पुन्हा आवळला. "चावी तुझ्या खिशात ठेव. स्विच तुझ्या हातात. मी 'बंद' म्हणायच्या आधी तुला नुसती शंका आली तरी बंद करायचं. कळलं? आणि समोर उभं राहायचं नाही. उडालं तर ते समोर उडतं. इकडे ये, माझ्या डाव्या हाताला, मशीनच्या टोकाशी. तिथे काही येत नाही."

मी तिथे जाऊन उभी राहिले. यांनी दोन्ही तळहात फडक्याला पुसले. मग हँडल धरलं.

"चालू कर."

चक फिरायला लागला. हे चककडे तोंड करून, मान किंचित झुकवून ऐकत होते. टूल पुढे सरकलं आणि पितळेला टेकलं तशी बारीक कुजबुज झाली. तिथून यांचं बोट डायलवर निघालं: एक खाच, दुसरी खाच, आणि तिथून नखाने मोजत थोडं पुढे. पितळेच्या सोनेरी साली टेबलावर पडायला लागल्या. माझा हात स्विचवर होता आणि माझं सगळं लक्ष चकवर. मी पापणी लववली असेन तर नाव बदला.

"बंद."

बुश बाहेरून कातून झाला, मग आतून झाला. यांनी तो फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. डबा नव्हता, एवढाच फरक. मी दुरुस्तीला आलेल्या मशीनचा दांडा घेतला आणि त्यावर बुश घातला. गेला. सरकला. फिरवला तर आवाज नाही, डुगडुग नाही, काही नाही. हे लेथकडेच तोंड करून उभे होते, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

मी पुन्हा यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले. "चालेल," मी म्हटलं.

यांच्या ओठांचा कोपरा हलला. पण मान वळली नाही, डोळे चकवरच होते.

"बट सुटलीये तुझी," हे म्हणाले. "मशीनपाशी केस बांधून उभं राहायचं, किती वेळा सांगायचं?"

माझा हात कानाशी गेला. सुटली होती खरंच. मी यांच्याकडे बघितलं. हे सरळ समोर बघत होते, आणि मी यांच्या कडेला होते.

"दिसतेय मी?"

"इथे उभं राहिलं की दिसतेस," हे म्हणाले. "रोज तिथेच उभी राहत जा."

मी बट कानामागे सारली आणि तिथून हलले नाही.